‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे
वाचकांचे प्रश्न : इंग्रजीतले काळ

इंग्रजी काळांबद्दल आलेल्या प्रश्नांमधून निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. वरवर ते वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकच आहे. शाळेत आपल्याला जोड्या लावून दिलेल्या असतात: ‘केलं आहे’ म्हणजे ‘हॅव डन’, ‘केलं होतं’ म्हणजे ‘हॅड डन’, ‘करत आहे’ म्हणजे ‘अ‍ॅम डूइंग’. या जोड्या बऱ्याचदा जुळतात, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो. त्या जिथे जुळत नाहीत, तिथेच चुका होतात.

‘मी काल पुण्याला गेलो होतो’ याचं मी ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे’ असं केलं. वरिष्ठांनी ते खोडून ‘आय वेंट’ केलं. मग मराठीतल्या ‘होतो’चं काय झालं? (नाशिक)

वरिष्ठांनी बरोबर केलं. ‘होतो’ इंग्रजीत येत नाही, कारण मराठीत ते जे काम करतं, ते काम इंग्रजीत ‘हॅड’ करत नाही.

मराठीत नुसतं ‘मी काल पुण्याला गेलो’ म्हटलं की ऐकणारा ‘बरं, मग?’ म्हणून थांबतो. पुढे काहीतरी सांगायचंय असं त्याला वाटतं. ‘गेलो होतो’ म्हटलं की ती गोष्ट झाली, संपली, माणूस परत आला, असं कळतं. म्हणून आपण सहज ‘काल सिनेमा बघितला होता’, ‘परवा त्यांचा फोन आला होता’ असं बोलतो. इंग्रजीत हे सगळं साध्या भूतकाळात जातं: ‘वेंट’, ‘सॉ’, ‘कॉल्ड’.

‘हॅड’ला दोन भूतकाळी घटना लागतात. एक आधीची, एक नंतरची. आधीची जी, तिला ‘हॅड’. ‘आय हॅड गॉन टु पुणे’ एवढंच म्हटलं तर इंग्रज माणूस विचारात पडतो: कशाच्या आधी? ते दुसरं टोक वाक्यात किंवा मागच्या वाक्यात असायला हवं.

एसटी स्टँडवरची ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा:

‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट.’ मी पोचलो आणि बस सुटली. सुटताना ती मला दिसली.
‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ मी पोचलो तेव्हा बस आधीच गेलेली होती. मला रिकामा फलाट दिसला.

इथे ‘हॅड’ काढलं तर घटना बदलते, म्हणून ते हवंच. पण ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ आलं की क्रम त्या शब्दानेच कळतो. ‘आफ्टर आय फिनिश्ड माय वर्क, आय वेंट होम’ हे पूर्ण बरोबर आहे. ‘हॅड फिनिश्ड’ म्हटलं तरी चूक नाही, पण गरज नाही. लांब हकीकत लिहिताना मागे जायचं असेल तर पहिल्या एक-दोन क्रियापदांना ‘हॅड’ लावा आणि मग साध्या भूतकाळात सांगत चला. प्रत्येक वाक्यात ‘हॅड’ आलं की वाचणाऱ्याला कशाच्या आधी काय हे कळेनासं होतं.

तपासायची सोपी रीत: ‘हॅड’ लिहिलंत की स्वतःला विचारा, ‘कशाच्या आधी?’ उत्तर त्या किंवा मागच्या वाक्यात सापडलं तर ‘हॅड’ ठेवा. नाही सापडलं तर खोडा.

‘आय हॅव सेंट यू द मेल यस्टर्डे’ यात नेमकं काय चुकलं? ‘मी काल मेल पाठवलाय’ असंच तर आपण म्हणतो. (ठाणे)

मराठीत म्हणतो, आणि मराठीत ते शुद्धच आहे. आपल्या पूर्ण वर्तमानकाळाला ‘काल’, ‘परवा’, ‘गेल्या सोमवारी’ यांचं वावडं नाही. इंग्रजीतल्या प्रेझेंट परफेक्टला, म्हणजे ‘हॅव डन’सारख्या रूपाला, मात्र आहे, आणि ही मनाई फार कडक आहे.

प्रेझेंट परफेक्ट म्हणजे आजपर्यंत उघडं असलेलं दार. बोलणारा आत्ताच्या क्षणी उभा आहे आणि तिथून मागे बघतोय. ‘यस्टर्डे’ म्हटलं की ते दार बंद होतं, कारण कालचा दिवस संपला. बंद दाराचे शब्द लक्षात ठेवा: ‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’, ‘इन २०१९’, ‘अ‍ॅट फोर ओ’क्लॉक’, ‘व्हेन आय वॉज इन स्कूल’. यांतला कुठलाही शब्द आला की साधा भूतकाळ: ‘आय सेंट यू द मेल यस्टर्डे.’ वेळ सांगायची नसेल आणि ‘मेल तुमच्याकडे आलेला आहे, बघा’ एवढंच म्हणायचं असेल तर ‘आय हॅव सेंट यू द मेल’. दोन्ही हवं असेल तर दोन वाक्यं करा. एकाच वाक्यात दोन्ही कोंबायला गेलं की चूक ठरलेली.

‘व्हेन’ने विचारलेला प्रश्नही याच हिशेबात बसतो. ‘कधी आलात?’ म्हणजे ‘व्हेन डिड यू कम?’. ‘व्हेन हॅव यू कम?’ असं होत नाही, कारण ‘व्हेन’ नेमकी वेळच मागतो.

उघड्या दाराचे शब्द: ‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘धिस इयर’, ‘सो फार’, ‘एव्हर’, ‘नेव्हर’, ‘ऑलरेडी’, ‘येट’, ‘जस्ट’. यांतल्या शेवटच्या तिघांबरोबर अमेरिकन लोक साधा भूतकाळही सर्रास वापरतात: ‘आय ऑलरेडी एट’. ब्रिटिश पद्धतीत ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’. दोन्ही चालतात, एका पत्रात एकच पद्धत ठेवावी. ‘धिस मॉर्निंग’ घड्याळावर ठरतं. सकाळी दहा वाजता ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’, संध्याकाळी तेच ‘आय हॅड टू कप्स’.

दार माणसावरही ठरतं. लता मंगेशकरांविषयी आज ‘शी सँग इन मेनी लँग्वेजेस’ असंच म्हणावं लागतं. ६ फेब्रुवारी २०२२ नंतर ‘शी हॅज संग’ म्हणता येत नाही. सचिन तेंडुलकरांचं उदाहरण आणखी बारकाईने बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते निवृत्त झाले, त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब ‘ही स्कोअर्ड १०० इंटरनॅशनल हंड्रेड्स’ असा. पण ‘दुसऱ्या कोणी केलेली नाहीत’ म्हणायचं तर ‘नो वन एल्स हॅज स्कोअर्ड १००’, कारण इतरांसाठी दार अजून उघडं आहे. एकाच विक्रमाबद्दल दोन काळ, आणि दोन्ही बरोबर.

याच गटातली आणखी एक गल्लत. ‘ही हॅज गॉन टु दिल्ली’ म्हणजे तो दिल्लीला गेलाय, इथे नाही. ‘ही हॅज बीन टु दिल्ली’ म्हणजे तो दिल्लीला जाऊन आलाय. ‘मी दोनदा दिल्लीला गेलोय’ हे समोर उभं राहून सांगताय, म्हणजे परत आला आहात. तेव्हा ‘आय हॅव बीन टु दिल्ली ट्वाइस’. ‘जाऊन आलोय’ असं मनात म्हणून बघा, ‘बीन’ आपोआप येईल.

मुलीकडे लंडनला गेले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?’ मी म्हटलं, ‘टू वीक्स’, कारण येऊन दोन आठवडे झाले होते. त्यांना वाटलं मी लगेच परत निघाले. (अहिल्यानगर)

तुमचं इंग्रजी चुकलं नाही, प्रश्नाचा काळ हुकला. ‘हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?’ म्हणजे एकूण किती दिवसांसाठी आलात, जाणार कधी. ‘हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?’ म्हणजे येऊन किती दिवस झाले. मराठीत ‘किती दिवस आहात?’ आणि ‘किती दिवस झाले?’ असा फरक आपण करतोच. इंग्रजीत तो ‘आर’ आणि ‘हॅव बीन’ यांच्यावर आहे.

याच कारणाने ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ चुकतं. आपण ‘पाच वर्षांपासून काम करतोय’ म्हणतो, वर्तमानकाळात. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजपर्यंत चालू असलेल्या गोष्टीला ‘हॅव’ लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ किंवा ‘आय हॅव वर्क्ड हिअर’. ‘काम करणं’, ‘राहणं’ यांत या दोघांत फारसा फरक नाही. बाकी क्रियापदांत असतो: ‘आय हॅव बीन रायटिंग रिपोर्ट्स सिन्स धिस मॉर्निंग’ म्हणजे सकाळपासून लिहीत बसलोय, ‘आय हॅव रिटन थ्री रिपोर्ट्स’ म्हणजे तीन हातावेगळे झाले. किती कामं झाली याचा आकडा आला की ‘आयएनजी’चं रूप नको.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’मध्ये गोंधळ होतो, कारण आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं: ‘सोमवारपासून’ही आणि ‘पाच वर्षांपासून’ही. कॅलेंडरवर बोट ठेवता येत असेल तर ‘सिन्स’: ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स २०१५’, ‘सिन्स दिवाळी’. मोजून सांगायचं असेल तर ‘फॉर’: ‘फॉर फाइव्ह इयर्स’, ‘फॉर टेन मिनिट्स’. ‘सिन्स’नंतर वाक्य आलं तर त्यात साधा भूतकाळ: ‘सिन्स आय लेफ्ट स्कूल’.

‘आय डिडन्ट वेंट’ ही चूक माझ्याकडून वर्षानुवर्षं होते. (कराड)

भूतकाळ वाक्यात एकदाच लागतो. ‘डिड’ने तो घेतला की क्रियापद मूळ रूपात परत येतं: ‘डिडन्ट गो’, ‘डिड यू गो?’. ‘डज’चंही तसंच: ‘शी डजन्ट नो’, ‘नोज’मधला ‘एस’ ‘डज’ने नेला. मराठीत ‘गेलो नाही’मध्ये भूतकाळ क्रियापदावरच राहतो, म्हणून जीभ ‘वेंट’कडे वळते. उपाय तोंडाचा आहे, डोक्याचा नाही. ‘डिडन्ट गो, डिडन्ट सी, डिडन्ट कम, डिडन्ट टेक, डिडन्ट गेट’ अशा दहा जोड्या रोज दोन-तीन वेळा मोठ्याने म्हणा, जोडी एकच शब्द असल्यासारखी.

‘आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ चुकीचं आहे असं ऐकलं. कुठल्या क्रियापदांना ‘आयएनजी’ लागत नाही त्याची यादी मिळेल का? (लातूर)

यादी देतो, पण मराठी बोलणाऱ्यांना यादीपेक्षा जवळची एक खूण आहे, ती आधी सांगतो. मराठी वाक्य ‘मला’ने सुरू होत असेल तर इंग्रजीत बहुधा ‘आयएनजी’ येत नाही. मला कळतं, मला माहीत आहे, मला वाटतं, मला दिसतं, मला आवडतं, मला हवं, मला आठवतं: ‘अंडरस्टँड’, ‘नो’, ‘थिंक’, ‘सी’, ‘लाइक’, ‘वॉन्ट’, ‘रिमेम्बर’. या गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला होतात. मराठी त्यांना ‘मला’ लावून वेगळं काढते, इंग्रजी ‘आयएनजी’ नाकारून. तेव्हा ‘मला कळत नाहीये’ म्हणजे ‘आय डोन्ट अंडरस्टँड’.

स्वयंपाकघरात हा फरक स्वच्छ दिसतो. ‘आमटी खारट लागते’ म्हणजे ‘द आमटी टेस्ट्स सॉल्टी’. ‘ती आमटी चाखून बघतेय’ म्हणजे ‘शी इज टेस्टिंग द आमटी’. इंग्रजीत शब्द एकच, ‘टेस्ट’. मराठीत ‘लागणं’ आणि ‘चाखणं’ दोन. जिथे मराठी ‘चाखणं’ म्हणते तिथे माणूस काहीतरी करतोय, म्हणून ‘आयएनजी’ चालतं. ‘थिंक’चंही तसंच: ‘मला वाटतं’ असेल तर ‘आय थिंक’, ‘मी विचार करतोय’ असेल तर ‘आय अ‍ॅम थिंकिंग’. आणि ‘आय अ‍ॅम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’ यातलं ‘सी’ म्हणजे दिसणं नाही, भेटणं आहे. म्हणून तेही बरोबर.

खूण कुठे फसते तेही सांगायला हवं. ‘मला’ असूनही काहीतरी बदलत असेल, म्हणजे वाक्यात ‘येतोय’, ‘होतोय’ असेल, तर ‘आयएनजी’ येतं: ‘मला कंटाळा येतोय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम गेटिंग बोअर्ड’, ‘मला उशीर होतोय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम रनिंग लेट’. ‘मला बरं वाटत नाहीये’ला ‘आय अ‍ॅम नॉट फीलिंग वेल’ आणि ‘आय डोन्ट फील वेल’ दोन्ही चालतात.

‘मला’शिवायची थोडी पाठ करावी लागतात: ‘ओन’, ‘बिलाँग’, ‘कन्टेन’, ‘कॉस्ट’, ‘मीन’, ‘सीम’, ‘बिलीव्ह’, ‘डिपेंड’. ‘हॅव’चा अर्थ ‘असणं’ असेल तर ‘आयएनजी’ नाही: ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव अ क्वेश्चन’, ‘आय हॅव अ फीव्हर’. जेवणं, अंघोळ करणं अशी कृती असेल तर हरकत नाही: ‘वी आर हॅविंग लंच’.

‘मी बघतो’, ‘आलोच’, ‘पाऊस आला तर’ यांचं इंग्रजी करताना कुठला काळ घ्यायचा? (पणजी)

तिन्ही भविष्याबद्दल आहेत आणि मराठीत एकातही भविष्यकाळ नाही. म्हणूनच अवघड जातात.

‘मी बघतो’, ‘मी सांगतो त्यांना’, ‘थांबा, मी दार उघडतो’: जागच्या जागी घेतलेला निर्णय किंवा दिलेला शब्द. मराठी इथे वर्तमानकाळ वापरते, इंग्रजी ‘विल’. फोनवर ‘आय टेल हिम अँड कॉल यू’ म्हटलं तर ते रोजच्या सवयीचं वर्णन वाटतं. ‘आय विल टेल हिम अँड कॉल यू बॅक’ म्हणा, बोलताना ‘आय’ल’. हे ‘ल’ नीट ऐकू आलं पाहिजे, नाहीतर पुन्हा ‘आय टेल’च उरतं.

‘आलो, आलो!’ म्हणजे ‘कमिंग!’ किंवा ‘आय’ल बी राइट देअर’. मराठीत भूतकाळ वापरून आपण घाई दाखवतो. इंग्रजीत ‘आय केम’ म्हटलं तर माणूस येऊन पोचलेला असतो.

आधीच ठरलेल्या गोष्टींना ‘विल’ शोभत नाही. ‘जाणार आहे’ म्हणजे ‘आय अ‍ॅम गोइंग टु’, मनाशी ठरवलंय. ‘उद्या जातोय’, तिकीट काढलंय, समोरच्याला कळवलंय, तर ‘आय अ‍ॅम ट्रॅव्हलिंग टुमॉरो’. वेळापत्रक साध्या वर्तमानात: ‘द ट्रेन लीव्ज अ‍ॅट ७.१५’.

‘पाऊस आला तर’ म्हणजे ‘इफ इट रेन्स’. मराठीतलं ‘आला’ भूतकाळाचं रूप आहे, अर्थ भविष्याचा. ते रूप नेऊन ‘इफ इट रेन्ड’ केलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, पाऊस येईल असं तुम्हाला वाटतच नाही. अर्थ नेऊन ‘इफ इट विल रेन’ केलं तर सरळ चूक. ‘इफ’, ‘व्हेन’, ‘अनटिल’, ‘बिफोर’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांच्या मागोमागच्या भागात ‘विल’ घेऊ नका. ‘विल’ दुसऱ्या भागात जातं: ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच’. ‘पाऊस आला असता तर’ म्हणजे ‘इफ इट हॅड रेन्ड’. इथे मात्र ‘असता’ आणि ‘हॅड’ छान जुळतात. ‘इफ इट वुड हॅव रेन्ड’ लिहू नका, ‘वुड हॅव’ पुढच्या भागात येतं: ‘वी वुड हॅव स्टेड होम’.

नोकरीच्या अर्जातल्या या पाच ओळी तपासून द्याल का? (सोलापूर)

पाचही ओळींत काळाची दुरुस्ती आहे, आणि प्रत्येकीचं कारण वर येऊन गेलंय.

‘आय अ‍ॅम वर्किंग अ‍ॅज अकाउंट्स असिस्टंट सिन्स फोर इयर्स.’ असं करा: ‘आय हॅव बीन वर्किंग अ‍ॅज अ‍ॅन अकाउंट्स असिस्टंट फॉर फोर इयर्स.’ काम अजून चालू आहे, आणि चार वर्षं मोजलेली आहेत.

‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१८.’ साल आलं, दार बंद: ‘आय कम्प्लीटेड’. साल ठेवायचं नसेल तरच ‘हॅव’ ठेवा. अर्जात साल ठेवलेलं बरं.

‘बिफोर धिस जॉब आय हॅड वर्क्ड इन अ कोऑपरेटिव्ह बँक.’ क्रम ‘बिफोर’नेच सांगितला: ‘आय वर्क्ड’.

‘आय अ‍ॅम हॅविंग गुड नॉलेज ऑफ टॅली.’ ज्ञान ‘असतं’: ‘आय हॅव अ गुड नॉलेज ऑफ टॅली’. त्याहून चांगलं, टॅलीत काय करता ते लिहा, साध्या वर्तमानकाळात, कारण ते रोजचं काम आहे: ‘आय प्रिपेअर जीएसटी रिटर्न्स अँड मंथली स्टेटमेंट्स’.

‘इफ आय विल बी सिलेक्टेड, आय विल जॉइन इमिजिएटली.’ ‘इफ’च्या भागात ‘विल’ नको: ‘इफ आय अ‍ॅम सिलेक्टेड, आय कॅन जॉइन इमिजिएटली’. पण सध्याच्या नोकरीत नोटीस पीरियड असेल तर ‘इमिजिएटली’ काढून तिथे खरे दिवस लिहा: ‘आय कॅन जॉइन आफ्टर थर्टी डेज’.

शाळेतला बारा काळांचा तक्ता पुन्हा पाठ करावा का? (चंद्रपूर)

तीन काळ गुणिले चार प्रकार असा तो तक्ता आहे. रूपं ओळखायला त्याचा उपयोग होतो, बोलायला कमी. ‘आय शॅल हॅव बीन गोइंग’सारखी त्यातली काही घरं वर्षभरात एकदाही लागणार नाहीत. आधी साधा वर्तमान, साधा भूत, प्रेझेंट कंटिन्युअस (‘करत आहे’चं रूप), ‘विल’ आणि ‘गोइंग टु’ पक्के करा. मग प्रेझेंट परफेक्ट, आणि त्याला सगळ्यांत जास्त वेळ द्या. ‘हॅड’ शेवटी.

सराव असा करा: रोज रात्री दिवसाबद्दल सहा वाक्यं वहीत लिहा. दोन आज घडून गेलेल्या गोष्टींची, वेळ घालून. दोन वेळ न घालता, ‘हॅव’ वापरून. एक उद्या ठरलेल्या कामाचं, एक ‘इफ’चं. मग लाल पेनाने फक्त वेळेच्या शब्दांभोवती गोल करा आणि प्रत्येक गोलाशेजारचं क्रियापद त्याला चालतं का ते बघा. रूप आठवत नसेल तर ते नंतर शोधा. गोल मात्र आधी.